लेमा चार-दोन आणि आप्पांचा ठिपका

पीएच.डी.साठी नाव नोंदवलं त्याच दिवशी मी दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर यादी केली. एकूण एकतीस कामं. पहिलं, विषय ठरवणे. एकतिसावं, प्रबंध जमा करणे. मधली एकोणतीस मी अंदाजानंच लिहिली. पण यादी झाली की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं, आणि तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. अर्धं झालेलं कुठलंही काम मला हवंच होतं.

मी विरारच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवते. राहायला बोळिंजला. पीएच.डी. कशासाठी, या प्रश्नाला फॉर्मवर मी ‘विषयाची ओढ’ असं उत्तर दिलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या मागून लागलेली तीन पोरं डॉक्टर झाली होती, आणि रोज सकाळी मस्टरवर सही करताना त्यांच्या नावामागचं ते ‘डॉ.’ मला डोळ्यात गेलेल्या कुसळासारखं खुपायचं.

माझं संशोधन केंद्र म्हणजे कामणकडचं एक कॉलेज, पुढे गोदाम, मागे गोदाम. तिथले माझे मार्गदर्शक सर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला एकच सल्ला दिला.

“शीर्षकात ‘काही’ घाला, मॅडम. ‘ग्राफच्या क्रमांकनातील काही प्रश्न.’”

“काही म्हणजे किती?”

“तेच तर. कुणी विचारत नाही.”

मला ते पटलं नव्हतं. बाजारात जाताना कुणी ‘काही भाज्या’ अशी यादी करत नाही. पण तेव्हा मी नवीन होते, म्हणून घातलं.

विषय सांगायला सोपा आहे. कागदावर ठिपके काढायचे, काही ठिपके रेषांनी जोडायचे. हा झाला ग्राफ. आता शून्यापासून सुरू करून, रेषा जितक्या असतील तितक्यापर्यंतचे आकडे ठिपक्यांना वाटायचे. एक आकडा दोघांना द्यायचा नाही. मग प्रत्येक रेषेवर तिच्या दोन टोकांची वजाबाकी लिहायची. सगळ्या वजाबाक्या वेगवेगळ्या आल्या की जमलं. माझ्या मुलीनं हे ऐकून विचारलं होतं, “आई, हे सुट्टीच्या पुरवणीत येतं ना?” मी तिला भांडी घासायला पाठवलं.

पाच वर्षं अशीच गेली. चाचणीचे पेपर, घर, गणपती, ठिपके. नंतर एकदा मुदत वाढवून घेतली. दुसऱ्यांदा वाढवून देताना पत्रात शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं: या तारखेनंतर नोंदणी आपोआप रद्द होईल. मी घाबरले नाही, कारण त्या तारखेला बारा दिवस उरले असताना माझ्या वहीत एकोणतीस टिका झाल्या होत्या. उरलं होतं बाइंडिंग आणि जमा करणं. यजमानांनी तर दारावरची नवी पाटीही करायला टाकली होती, ‘डॉ.’सकट.

बारा दिवस उरले होते तो रविवार. मी माहेरी गेले होते. माहेर वसईतच, खाडीच्या अंगाला. आमची केळीची वाडी आता अर्धीच राहिली आहे, पण माझे वडील, आप्पा, रोज तिथं जातात आणि कुंपणापलीकडच्या टॉवरला रोज शिव्या देतात. वय ऐंशीच्या पुढे. शाळा चौथीपर्यंत. सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की तू नेमकं करतेस काय. त्या दिवशी जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता विचारलं.

“बाय, ता तुजा काय ता एकदा दाखव तरी. लोक इचारतात, मी काय सांगू? ठिपके?”

मी लग्नाची एक पत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला एका ओळीत चार ठिपके काढले. रेषांनी जोडले. आकडे दिले: शून्य, तीन, एक, दोन. रेषांवर वजाबाक्या लिहिल्या: तीन, दोन, एक.

“सगल्या येगल्या,” आप्पा म्हणाले. “बरा हाय. मंग?”

“मग माझा चौथा धडा. अशा जमलेल्या ग्राफला कुठंही एक नवा ठिपका जोडला तरी जमतं, हे मी सिद्ध केलंय.” आणि मी शून्याला एक नवा ठिपका जोडून त्याला चार दिला. चारातून शून्य गेले चार. नवी वजाबाकी, कुणाशी भांडण नाही.

आप्पांनी अडकित्त्याचं टोक दुसऱ्या ठिपक्यावर ठेवलं. “नाय, तितं नाय. हितं जोड.”

“तेच हो. तिथं शून्य आहे असं समजायचं.”

“समजायचा म्हंजे? तितं तर तू तीन लिवलायस.”

मी त्यांना समजावणार होते. गणितात एक वाक्प्रचार आहे, ‘व्यापकता न गमावता’. म्हणजे असं की सगळ्या शक्यता सारख्याच असतील तर सोयीची एक धरायची, बाकीच्यांचंही तेच होतं. आमच्या धंद्यात हा रोज शंभरदा वापरतात. माझ्या लेमा चार-दोनची, म्हणजे चौथ्या धड्यातल्या दुसऱ्या छोट्या साहाय्यक विधानाची, पहिली ओळ होती: व्यापकता न गमावता, ज्या ठिपक्याला नवा ठिपका जोडायचा तो शून्य मानू. दुसरी ओळ: आता नव्या ठिपक्याला सर्वांत मोठा आकडा द्या. तिसरी ओळ नव्हती. काम झालं होतं.

पण तिथं तीन होतं.

तीनला जोडलेल्या ठिपक्याला चार दिला तर वजाबाकी एक, आणि एक आधीच आलेली होती. मी खोडलं. सगळे आकडे नव्यानं वाटले: ज्याला आता तीन रेषा होत्या त्याला शून्य, त्याच्या दोन टोकांना चार आणि तीन, पुढच्याला दोन, शेवटच्याला एक. चार, तीन, दोन, एक. जमलं.

“बघा, जमलं की.”

“जमला,” आप्पा म्हणाले. “पन ह्या तू नव्यानं केलास. जुना काय कामाला आला? दर वेलेला नव्यानं करशील, तर मंग सिद्ध काय केलास?”

आणि ते हात धुवायला गेले. माझी सहा वर्षं त्या पत्रिकेवर पडून होती, वधूवरांच्या नावांच्या मागच्या बाजूला.

घरी येताना स्कूटर चालवत मी पुढचा हिशेब केला, तो याहून वाईट निघाला. लेमा खरंच सिद्ध झाला असता, तर एका ठिपक्यापासून सुरुवात करून एकेक ठिपका जोडत मला कुठलंही झाड बांधता आलं असतं. झाड म्हणजे ज्यात कुठंही बंद कडं नाही असा ग्राफ. म्हणजे प्रत्येक झाडाला असे आकडे देता येतात, हे सिद्ध झालं असतं. हा प्रश्न जगभरच्या गणितज्ञांना कित्येक दशकं सुटलेला नाही. आणि मी तो दोन ओळींत सोडवून, नाव ‘लेमा’ ठेवून, पुढे निघून गेले होते. घरी आल्या आल्या जुनी डायरी काढली. लेमा लिहिला त्या तारखेला सलग तीन टिका होत्या, एकाच पेननं: दळण, मुलीचा ड्रेस इस्त्री, लेमा चार-दोन.

यजमानांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “सोसायटीचे मिनिट्स तरी कोण वाचतं?”

“हे सोसायटीचे मिनिट्स नाहीत.”

“कळलं. पाटीचं काय करू तेवढं सांग. पाटीवाला उद्या रंग भरणार आहे.”

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर कामण गाठलं. सरांच्या केबिनमध्ये पत्रिका टेबलावर ठेवली. त्यांनी आधी वधूवरांची बाजू वाचून अभिनंदन केलं. मी ती उलटी केली. ते एकेक वजाबाकी बोटानं तपासत गेले. बाहेर एक कंटेनर मागे येताना टँव टँव करत होता.

“ही चूक कुणी काढली?”

“आप्पांनी. माझे वडील.”

“गणितातले?”

“केळीतले.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, मी हे वाचलं होतं. दोनदा. पण ‘व्यापकता न गमावता’ दिसलं की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात.” मग तो परत लावत म्हणाले, “तसे परीक्षक दोन. एक प्रस्तावना वाचतो. दुसरा संदर्भसूची, त्याचं नाव आहे का बघायला.”

एवढंच म्हणाले. असंच जाऊ दे, असं म्हणाले नाहीत. पण केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो आणि तारखेला अकरा दिवस होते, म्हणून दोघांनाही ते ऐकू आलं.

मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. मुदत गेली तर सहा वर्षं गेली, आणि मस्टरवरचं कुसळ निवृत्तीपर्यंत तसंच. पण मी रस्त्यानं येताना स्वतःला ओळखलं होतं. मी मोठी सत्यवादी नाही. भाजीवाल्यानं चुकून जास्त कोथिंबीर दिली तर मी गप्प बसते. पण न झालेल्या कामापुढे टिक मला पाहवत नाही.

“काढायचा,” मी म्हणाले.

“धडा?”

“जेवढा खोटा आहे तेवढा. यादी करू.”

सर हसले आणि त्यांनी पेन्सिल काढली. लेमा चार-दोन प्रबंधात सात ठिकाणी वापरला होता. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथं नवा ठिपका खरंच शून्याला जोडलाय का? तीन ठिकाणी जोडला होता. एका ठिकाणी सर्वांत मोठ्या आकड्याला जोडला होता. तिथं सगळे आकडे उलट्या क्रमानं दिले की मोठा तो शून्य होतो, म्हणून ते प्रमेयही वाचलं. उरलेली तीन गेली. त्यातलं एक मला फार आवडायचं. ते एका परिषदेत मी सांगितलंही होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांचेही डोळे पुढच्या ओळीवर गेले असणार.

वहीत चौदाव्या कामापुढची, म्हणजे चौथ्या धड्यापुढची, टिक मी व्हाइटनरनं पुसली. आयुष्यात पहिल्यांदा. तिथं अजून पांढरा पापुद्रा आहे.

पुढचे नऊ दिवस कॉलेज, स्वयंपाक आणि चौथा धडा. नवा लेमा असा झाला: नवा ठिपका शून्याला किंवा सर्वांत मोठ्या आकड्याला जोडला तर जमतं. त्यानं सगळी झाडं नाही, पण बरीच झाडं बांधता येतात, आणि ती कोणती हे नीट सांगता येतं. चाळीस पानांची अकरा झाली. मग माझ्या लक्षात आलं की एवढं गाळल्यावर शीर्षकही बदलावं लागेल, त्याला समितीची बैठक लागते, आणि समिती पुढच्या महिन्यात बसणार. घाबरून सरांना फोन केला.

“शीर्षक काय आहे, मॅडम?”

“ग्राफच्या क्रमांकनातील...” आणि मी थांबले.

“काही प्रश्न,” सरांनी वाक्य पुरं केलं. त्यांचा आवाज इतका समाधानी होता की क्षणभर वाटलं, यांनाही कधीतरी एखादी पत्रिका उलटी करावी लागली असेल.

बाइंडिंगवाल्यानं मात्र नवाच घोळ काढला. “ताई, हे पातळ झालंय. पाठीवर नाव बसणार नाही. आणि युनिव्हर्सिटीला पाठीवर नाव लागतं.”

“मग काय करायचं?”

“जाड कागदावर प्रिंट मारा. सगळे तेच करतात.”

तेच केलं. पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत जाड कागद. तारखेच्या आदल्या दिवशी जमा करायला गेले. खिडकीतल्या बाईंनी फुटपट्टी काढली, पहिल्या पानाचा समास मोजला, शेवटच्या पानाचा मोजला, पाठीवरचं नाव वाचलं आणि शिक्का मारला. चौथ्या धड्याला कुणाचं बोटही लागलं नाही. मी बाहेर बाकावर बसून वही काढली. चौदाव्या कामाच्या पापुद्र्यावर टिक केली, मग तिसाव्या आणि एकतिसाव्यावर.

तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. पाटीवाल्याला थांबायला सांगितलंय, तो रोज फोन करतो.

पुढच्या रविवारी पोचपावती घेऊन आप्पांकडे गेले. झाडांची भानगड त्यांना फोनवर सांगून झाली होती. ते केळीची वाळलेली पानं कापत होते.

“झाला का सगल्या झाडांचा?”

“नाही, आप्पा. काहींचं झालं. तुम्ही बोट ठेवलंत तिथं अडलं ते अडलंच.”

त्यांनी कोयता खाली ठेवला, पोचपावती लांब धरून शिक्का बघितला, आणि परत माझ्या हातात दिली.

“मंग गावात काय सांगू? डॉक्टर पन थोडीच झाली म्हनून?”

“अजून तेवढीही नाही,” मी म्हणाले, आणि त्यांनी कापलेली पानं गोळा करायला लागले.