शेवंतीवहिनीचा अंबाडा

आमच्या शेवंतीवहिनीला दर दिवाळीत ताप यायचा. तोही नेमका पहिल्या अंघोळीच्या पहाटे, आई तेलाची वाटी घेऊन बसली की. मी डोकं पुढे करायचे, जयवंतदादा करायचा आणि वहिनी गोधडीत शिरून कण्हायची. आई तिला एकदाही उठवायची नाही. मला रागच यायचा. मला ताप असता तर हिने माझं डोकं तेलात बुडवूनच सोडलं असतं, असं मी मनात म्हणायचे.

लालबागच्या चाळीत आमची एकच खोली. कोपऱ्यात मोरी, तिला गुडघ्याएवढी भिंत. वडील गेलेले, दादा गिरणीत. वहिनी कुडाळकडची, आईविना वाढलेली, मावशीने उजवलेली. आई तिला बघून आली आणि चाळभर सांगत सुटली, की सून केसांवरून पसंत केली. अंबाडा होताच तसा, दोन हातांत न मावणारा. माझ्या वेणीला दादा उंदराचं शेपूट म्हणायचा, त्यामुळे मी तर जळायचेच.

तो अंबाडा तिचा नव्हता. मला हे फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. लग्नाच्या आधी तिला चाई लागली. पुंजक्यापुंजक्यांनी केस गळाले, मागे-पुढे थोडे राहिले. मावशीने त्या उरलेल्यांत गंगावन गुंफलं, काळ्या दोऱ्याने आवळलं, आकडे खोचले आणि बजावलं, की सासरी कळलं तर त्याच पावली परत पाठवतील, आणि माझ्या दारात तेव्हा तुला जागा नाही. वयाच्या अठराव्या वर्षी ही पोर परक्या केसांखाली ही धमकी घेऊन मुंबईला आली.

मग काय जगणं असणार तिचं? हळदीकुंकवाला ती जायची नाही, कारण बायका हौसेने एकमेकींच्या डोक्यात गजरा माळतात. गॅलरीत उवा बघायला बायका बसल्या, की ही आत. चाळीने तिला शिष्ट ठरवून टाकलं. रात्री डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची आणि कुणी कूस बदलली तरी दचकायची. दादालाही तिने कळू दिलं नव्हतं; एका खोलीत चौघं, नवरा-बायकोला अंधाराशिवाय मिळायचं काय? डोकं तर तिचं कायम दुखायचं. वाळत घातलेल्या लुगड्याच्या घडीत काळ्या दोऱ्याचं भेंडोळं लपवलेलं मी एकदा पाहिलं आणि विचारलं, तर तिचा चेहरा असा पांढरा पडला, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिला श्वास घ्यायला मिळायचा तो सकाळी. दादा पाळीला गेला, मी शिवणक्लासला गेले, आई पिशवी घेऊन भाजीला गेली, की ती आतून कडी घालायची. तेवढ्यात सोडायचं, विंचरायचं, परत बांधायचं. आईला भाजीला फार वेळ लागायचा. भाजी आणायला जातेस की पिकवायला, असं दादा तिला चिडवायचा.

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ठरलं आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, रस्त्यावर दगड, गोळीबार, मग कर्फ्यू. गॅलरीत उभं राहणाऱ्यालाही गोळी लागते, असं सगळे सांगत होते, म्हणून दारं लावून बसायचं. कर्फ्यूतून तासभर मोकळीक मिळाली, तरी घरात कुणी ना कुणी असायचंच. दादा कोंडून तापलेला, मी कंटाळलेली. वहिनी मात्र भिंतीला टेकून बसली ती बसलीच. जेवेना. हात सारखा अंबाड्याकडे जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. तिसऱ्या दिवशी मानेवर रक्ताचा ओघळ दिसला. मी विचारलं, तर म्हणाली, ढेकूण चावला.

त्याच सकाळी, रोजच्या वेळेला, आई उठली. खुंटीवरची पिशवी घेतली आणि आम्हा दोघांना म्हणाली, चला, गॅलरीत बसूया जरा. दादा ओरडला, डोकं फिरलं का तुझं? खाली शिट्ट्या वाजत होत्या. आईने कडी काढली. तेवढ्यात नाक्याकडे गोळी सुटली. दादाने तिचा दंड धरला, तिने तो झिडकारला आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

"सोड माका," ती म्हणाली. "आत पोरीचो जीव घुसमाटता."

वहिनीने मान वर केली. पिशवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. रोजची भाजी, रोजचा उशीर, सगळं तिला त्या क्षणी कळलं असावं. ती धावली, आईला दोन्ही हातांनी आत ओढलं, दार लावलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत आईकडे पाठ करून खाली बसली.

"आई, बसा हय. माझे केस सोडवा."

आईने एकेक आकडा काढला. गंगावन सुटून तिच्या मांडीवर पडलं. खाली गुळगुळीत चकत्या, जखमा, कुठे कुठे केसांच्या बटा. मला रडू फुटलं. दादा बघत राहिला. मग त्याने स्टोव्ह पेटवला आणि डोकं धुवायला पाणी ठेवलं.

"कधी कळलां तुमका?" वहिनीने विचारलं.

"पयल्याच म्हयन्यात गो. तू निजलेलंस, तां सुटलेलां. मीच परत खोचलंय."

नंतर मला कळलं, रोज सकाळी भाजी घेऊन आई केव्हाच परतायची आणि खाली जिन्यात बसून राहायची. पायऱ्या ओल्या असल्या तरी.

वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. मी तिचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"मगे सांगलात कित्याक नाय? सहा वर्सां मी धड निजाक नाय, आई."

आईचा हात थांबला. मग ती अगदी हळू म्हणाली, "तू लपवत होतंस. माका वाटला, तुका तसाच बरां वाटता."

आईने तिचं डोकं धुतलं, जखमांना खोबरेल लावलं.

दुपारी नाक्यावर पुन्हा गोळीबार झाला. सगळी चाळ कान देऊन जागी होती. वहिनी आईच्या मांडीवर उघडं डोकं ठेवून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. आईचे पाय बधिर झाले असणार, म्हणून मी उशी घेऊन गेले, तर तिने डोळ्यांनीच मला मागे सारलं आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली.