दापोलीच्या टीममध्ये अकोल्याचा

फुटबॉलचा क्लब काढला तेव्हा पहिला नियम मीच घातला: खेळणार तो दापोली तालुक्यातलाच. गावाकडे आमच्या मोहल्ल्याच्या टीममध्ये शेजारच्या मोहल्ल्यातला कधी घेतलाय का? मग बहरीनमध्ये तरी का घ्यायचा! मी इथल्या सीफ भागातल्या ऑफिसात क्लार्क, टीममध्ये वयाने थोरला, आणि तोंडाचा फटकळ. आडवं कोण येणार?

पण तालुका एक असला म्हणून शिफ्ट एक नसते. सुट्टीच्या शुक्रवारी दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की अरादच्या मैदानावर कधी नऊ जण जमायचे, कधी आठ. पाच सामने, पाच पराभव. शेवटी लीगवाल्यांनी बजावलं, पुढच्या शुक्रवारी अकरा जण उभे केले नाहीत तर तुमचा क्लब लीगमधून खलास.

त्या शुक्रवारी दहाच आले. अकरावा ड्यूटीवर अडकला.

कुंपणाशी अकोल्याचा एक एसी टेक्निशियन बसला होता. आंबेडकर जयंतीच्या इथल्या कार्यक्रमात त्याची माझी ओळख झालेली. पहिल्याच शुक्रवारी त्याने विचारलं होतं, "चाचा, मी खेळू का?" मी म्हटलं होतं, "दापोलीचा आहेस? नाही ना? मग बस बघत." तरी गडी दर शुक्रवारी बूट पिशवीत घालून यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण क्लब बुडवून अकड कुठे मिरवणार? गेलो त्याच्याकडे.

"चुकलं माझं. येतोस का?"

त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही. नाड्या बांधल्या आणि म्हणाला, "यल्ला, चाचा! चला!"

काय खेळला पठ्ठ्या! पहिला गोल त्याच्या पासवर झाला. मग समोरच्या टीमने बरोबरी केली. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर त्याने असं डोकं घातलं की गोलकीपर बघतच राहिला. दोन-एक! क्लबचा पहिला विजय! मी, पन्नाशीला आलेला माणूस, त्याच्या गळ्यात पडून रडलो.

पुढच्या शुक्रवारी तो दापोलीबाहेरच्याच आणखी तिघांना घेऊन आला. तिघेही माझ्यापेक्षा सरस. अकरा जणांची यादी करायला बसलो आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? बाहेर बसून इतका ओरडलो की घसा बसला.

चार-शून्य जिंकलो. शनिवारी गावी फोन लावला तर बायको विचारते, "आवाज का असा येतोय? आजारी आहात का?"

म्हटलं, "नाही गं, काल जिंकलो."