चांदणी नसलेल्या नोंदी

ग्रंथांची सूची कुणी मोठ्यानं वाचावी म्हणून लिहिलेली नसते. कादंबरी वाचून दाखवायला माणसं मिळतात, वर्तमानपत्र तर कपभर चहावर कुणीही वाचतं. पण लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पानं, की लगेच पुढचा लेखक, असं वाचायला बसवलं की भल्याभल्यांना जांभया येतात आणि शेतातलं काम आठवतं. माझे किती मित्र असे मधेच उठून गेले, त्याची गंमत मी आजही त्यांना ऐकवतो.

मला दिसत नाही. कॉलेजात असतानाच नजर कमी होत गेली आणि मग गेलीच. गाणं शिकलो, हिंगोलीत एका कॉलेजात संगीत शिकवायला लागलो. विद्यार्थी असताना एखादी बंदिश कुठल्या पुस्तकात आहे हे कळायला मला दहा जणांच्या विनवण्या कराव्या लागत. म्हणून पीएचडीला विषय घेतला तो असा: आपल्या भागातल्या ग्रंथालयांत संगीतावरचं काय काय आहे, त्याची वर्णनात्मक सूची. कुठलं पुस्तक, त्यात काय, कुणाच्या कामाचं. एक स्नेही म्हणाले, तुम्ही हाच विषय काहून घेतला? दुसरा सोपा घ्यायचा. मला राग आला आणि त्या रागातच मी अर्ज भरून टाकला.

माझ्या मार्गदर्शक मॅडमचा एक नियम होता, तो सूची करणाऱ्यांचा जुनाच नियम आहे. जे पुस्तक स्वतः पाहिलं नाही, नुसतं दुसरीकडे उल्लेख वाचून घेतलं, त्या नोंदीआधी छोटी चांदणी छापायची. वाचणाऱ्याला कळावं, ही ऐकीव माहिती आहे, भरवसा जपून ठेवा. ज्या सूचीत चांदण्या फार, तिची किंमत कमी. मी मॅडमना म्हणालो, माझ्या सूचीत एकही चांदणी नसेल.

बोलून तर बसलो, पण वाचणार कोण? फोन वाचून दाखवतो, पण तो आजच्या छपाईला. जुन्या खिळ्यांची छपाई, पिवळा कागद, झिजलेला टाइप आला की तो भलतंच बडबडतो. शेवटी वाचायला बसली माझी बायको. ती हिंगोलीजवळच्याच गोरेगावची, दहावी शिकलेली, कापसाच्या घरातली. गाण्याशी तिचा संबंध म्हणजे नवरा गातो, एवढाच. लग्नानंतर पहिल्यांदा माझा रियाज ऐकून तिनं आईला फोनवर सांगितलं होतं, "घसा साफ करून राहिलेत तासाभरापासून, गाणं आजून सुरू न्हाई झालं."

आमची बसायची एक पद्धत ठरली. हिंगोलीच्या ग्रंथालयातल्या बाईंनी, त्यांचे उपकार मी कसे विसरू, बांधणीच्या खोलीतलं टेबल आम्हाला दिलं. संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाहीत आणि वाचनकक्षात मोठ्यानं वाचता येत नाही, मग आम्ही जाणार कुठं? तिथं खळीच्या वासात आम्ही शेजारी बसायचो. पुस्तक दोघांच्या मधे. तिचं बोट ओळीवर, माझा अंगठा पानांच्या कोपऱ्यावर. आधी मी पुस्तक हातात घ्यायचो, जाडी बघायचो, पुठ्ठा कापडाचा की कागदाचा, शिवण कुठं सैल झाली, वाळवीनं कुठून सुरुवात केली. मग तिनं वाचायचं, मी रेकॉर्डरवर नोंद सांगायची. कॉलेज सुटलं की दुपारी रोज हेच.

स्वरलिपी आली की खरी मजा. ती किराण्याची यादी वाचावी तशी वाचायची: "नी, त्याच्या खाली टिंब. रे. ग. म, डोक्यावर उभी रेघ. मंग आडवी रेघ. थांबू का?" तेवढ्यावरून मी ओळ गुणगुणायचो. एकदा अशीच यमनातली ओळ म्हटली तर तिनं त्याच टिंबांवरून परत बोट फिरवलं. मग म्हणाली, "येवढ्या टिंबांतून हे निघतं व्हय?" त्या दिवशी मला इतका आनंद झाला की पुढच्या दोन नोंदी चुकल्या.

भांडणंही झाली. एका जुन्या मासिकाचे बांधलेले अंक चालले होते. अंगठ्याखालून पान गेलं ते जाड लागलं.

"दोन पानं उलटली."

"चिकटलेली व्हती."

"मग सोडव."

"आत काय आसनार, तेच आसन."

"सोडव म्हटलं ना."

तिनं पट्टी घालून हलक्या हातानं पानं सोडवली. आत केसांच्या तेलाची जाहिरात. सूड म्हणून तिनं ती पूर्ण वाचली, बाटलीची किंमत आणि कारखान्याच्या पत्त्यासकट. मीही मागे हटलो नाही, नोंदीत लिहिलं की शेवटच्या पानांवर जाहिराती आहेत.

प्रबंध सादर झाला, मौखिक परीक्षा ठरली. विद्यापीठात ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, आणि खाण्याची सोय उमेदवारानं करायची असा रिवाज पडलेला. बायको समोशांचे खोके घेऊन मागच्या रांगेत बसली. बाहेरून आलेले परीक्षक आवाजावरून वयस्कर वाटले, बोलणं सौम्य. वर्गीकरणाबद्दल विचारलं, मी सांगितलं. कालखंडाबद्दल विचारलं, सांगितलं. मग त्यांनी प्रबंधाची पानं मागं उलटल्याचा आवाज आला.

"एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. न पाहिलेल्या पुस्तकापुढं चांदणी, असा नियम तुम्हीच सुरुवातीला दिलाय. आणि सूचीत एकही चांदणी नाही. नियमाप्रमाणं बघितलं तर ती प्रत्येक नोंदीला नको का?"

खोचक बोलले असते तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. पण माणूस खरंच विचारत होता. सगळ्या नोंदींना चांदणी म्हणजे सगळा प्रबंध ऐकीव. इतक्या वर्षांचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांवरचं, माझं नव्हेच. मॅडमनी काही बोलायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली, बायको उठली होती.

"सर, म्या बोलू का? म्या यायची घरची."

परीक्षक म्हणाले, "बोला ना, ताई."

"यायनी लई छळलं मला. नुसतं पुस्तक वाच म्हनले आसते तर वाचलं आसतं. यायला वरचं कवर पायजे, आतलं पान पायजे, शिक्का कुन्या गावचा ते पायजे. दोन पानं संगं उलटली तर आंगठ्यानं वळखतात. परत फिर म्हनतात. केसाच्या तेलाची जाहिरात वाचायला लावली मला! येका पुस्तकावर साल न्हवतं, तर भर उनात हट्टा गावाला न्हेलं, तिथं येकाच्या घरी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत हाय म्हनून. तिथं बी साल न्हाई निघालं. मला तर त्यातलं काईच कळत न्हाई, सर. म्या किती डाव म्हनलं, सोडा वो हे येक, कोन बघाया येतंय. येक बी सोडलं न्हाई यायनी. म्या सोडाया तयार व्हते."

सभागृहात हशा पिकला. ती गाऱ्हाणं सांगत होती, खरंखुरं, साठलेलं. माझी बाजू घ्यावी असं तिच्या मनातही नसावं. पण मी तिथं उभा राहून रडलो, लपवलं नाही. माझ्यावर कुणी एवढं मोठं उपकाराचं ओझं टाकलं नव्हतं, आणि ते मला जड वाटत नव्हतं.

परीक्षक हसत होते. म्हणाले, "माझ्या पाहण्यातल्या सूच्यांमध्ये इतकं कुणी तपासलेलं नाही. माझा प्रश्न मी मागं घेतो. चांदणी नको."

पुढं ती सूची पुस्तकरूपानं छापायचं ठरलं. मुद्रितं घरी आली, तपासायची तर वाचणार तीच. प्रस्तावनेच्या शेवटी मी टंकलेखकाला एक ओळ परस्पर सांगून ठेवली होती. ती वाचत वाचत तिथं पोचली: "'चांदणी नसलेली प्रत्येक नोंद आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे.' हितं छापनाऱ्यायचं चुकलं. दोघांनी छापलंय."

"चुकलं नाही. पुढं वाच."

मी पानावर हात नेऊन पाहिला. तिचं बोट त्या ओळीवरच होतं, पुढं सरकेना.