साच्यातले शांतारामकाका

मुरबाडच्या तहसील कचेरीसमोर शांतारामकाकांचं टायपिंगचं दुकान होतं, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये काका केव्हाचे मरून पडले होते. रेशनकार्ड हरवलेले काका, नाव बदललेले काका आणि वारसाच्या प्रतिज्ञापत्रात 'मयत' काका. अर्ज-प्रतिज्ञापत्रांच्या प्रत्येक तयार साच्यात त्यांचंच नाव. गिऱ्हाईक आलं की 'रिप्लेस' करायचं, सगळीकडे एकदम त्याचं नाव पडायचं. मी नोकरीला लागले त्या दिवशी मयताचा साचा उघडला आणि चरकलेच. माणूस तर समोर चहा पीत बसलेला!

"काका, नुसते ठिपके ठेवा ना."

"ठिपके नजरंला दिसत नाय गो, त्यांच्या जागी कुनाचं नाव राहून गेलं तरी कळत नाय. माझं नाव चुकून राह्यलं तर कुनाचं घर तरी जळनार नाय."

त्यामागे एक घडलेली गोष्ट होती. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा काका एका गिऱ्हाइकाचा जुना कागद उघडून त्यावरच दुसऱ्याचा करायचे. धसईच्या एका मयताच्या वारसांत तशीच आधीच्या कागदातली, मुरबाडची एक बाई पत्नी म्हणून राहून गेली. झालं! धसईत बोभाटा, की म्हाताऱ्याने मुरबाडला दुसरं घर केलं होतं. त्याची मुलं त्या बाईच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलून आली. बिचारी विधवा, धसईत तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. काका दोन्ही दारी गेले, हात जोडले. कागद दुरुस्त झाला, बाईमागची कुजबुज काही थांबली नाही. "कागूद खोडता येतो गो, लोकांची तोंडं नाय," असं काका म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, रतनकाकूंना, हा प्रकार मुळीच सोसत नसे. मयत काका, तर वारस पत्नी कोण? रतन शांताराम! डबा घेऊन आल्या की मशीनकडे बघून कडाडायच्या, "जित्या नवऱ्याची विधवा केलीय मला या मेल्यानं!"

काका हसायचे. "रोज मरतोय, म्हनून तर टिकलोय."

मग काकांना काविळीने धरलं. कल्याणच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा काकू एकट्याच दुकानात आल्या. नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेलेला.

"बाय गो, तेवढ्या एका कागदातनं काढ त्यांचं नाव. माझा जीव थाऱ्यावर नाय."

मी काढलं, ठिपके टाकले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

जरा सावरल्यावर काका दुकानात आले. साचा उघडला, ठिपके बघितले. रागावले असते तर परवडलं असतं. एका बोटाने त्यांनी स्वतःचं नाव पुन्हा टाइप केलं, खाली काकूंचं.

"तिला सांगू नको. पन त्या बाईसारखं परत कुनाचं झालं ना, तर मी मरूनपन सुटनार नाय."

पुढच्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

काकू वारसाच्या कागदासाठी आल्या तेव्हा मी साचा उघडला. बदलायला काही नव्हतंच. तारीख तेवढी घातली. काकू पडद्याकडे बघत नव्हत्या.

"नावं बराबर हायत ना गो?"

"हो काकू," म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं. काकांचं नाव आता साच्यात ठेवता येईना. ते एका खऱ्या मयताचं होतं, आणि काकू खरोखरच्या विधवा. मी मयताच्या जागी माझं नाव घातलं, वारसांत नवऱ्याचं. घरी अजून सांगितलेलं नाही.