रागाने घर सोडून गेलेला माणूस

आणीबाणीत मी सोलापुरातल्या एका चारपानी सायंदैनिकात उपसंपादक होतो. बातम्या लिहायच्या, प्रुफं तपासायची आणि दुपारी ती घेऊन सेन्सॉरच्या साहेबांपुढे उभं राहायचं. ते तांबडी पेन्सिल ओढत, मी मान डोलवत असे. माझाच मला राग यायचा, पण रोज वेळेवर जायचो.

एका सकाळी मागावरच्या एका कामगाराची बायको आली. नवरा युनियनचं काम बघायचा. चार दिवसांपूर्वी पोलिसांनी त्याला घरातून नेलं होतं आणि आता चौकीत कोणी कबूल होत नव्हतं. घरी तेलुगू बोलणारी ती बाई माझ्याशी सावकाश मराठीत बोलली. "पेपरात नाव आलं की त्यास्नी न्हाय म्हनता येनार न्हाय. तेवढं करा की."

मी चार ओळींची बातमी केली. साहेबांनी तिच्यावर काट मारली. वर बजावलं, "जागा कोरी सोडायची नाही. दुसरं काहीतरी भरा."

परतताना डोक्याला नुसता भुंगा लागला होता. मग सुचलं, छोट्या जाहिराती साहेब वाचतच नाहीत. 'हरवले आहेत'खाली नाव टाकू. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो. अशा जाहिरातीचा मजकूर आमच्याकडे कायम जुळवून ठेवलेला असे. कंपोझिटरने फक्त नाव, वय आणि गल्ली बदलायची. मशीन सुरू करायची घाई होती. मी नाव दोनदा तपासलं. खालच्या ओळी वाचल्याच नाहीत, त्या मला पाठ होत्या.

तिसऱ्या दिवशी ती तो अंक घेऊन परत आली. चौकीत तिने तो दाखवला होता आणि जमादाराने तो तिलाच मोठ्याने वाचून दाखवला होता: 'वरील गृहस्थ रागाने घर सोडून गेले आहेत. असाल तेथून परत यावे, कोणी काही बोलणार नाही.'

"म्हनले, तुमीच छापलंय की भांडून गेला म्हनून. आदी 'उद्या ये' म्हनायचे. आता येऊच नको म्हनत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलिसांना हवं होतं ते मी न मागता लिहून दिलं होतं.

"मग आता खरं काय ते छापा की," ती म्हणाली.

"उद्या या," मी म्हणालो.