चपला मोजून बांधलेलं चर्च

“तीनशे माणसं. लिही,” बिडवे सर म्हणाले, आणि मी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘सीटिंग कॅपॅसिटी ३००’ असं सुबक अक्षरात लिहिलं. सीटिंग कॅपॅसिटी म्हणजे एका वेळी किती जण बसतील तो आकडा. हा आकडा आला कुठून, हे विचारायची माझी टाप नव्हती. सरांकडे आर्किटेक्ट म्हणून लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते. सरांचं चर्चबद्दलचं ज्ञान म्हणाल, तर ते गोव्यातल्या हनिमूनवर उभं होतं.

साइट शहराच्या कडेला, पडेगावच्या अलीकडे. जुनं चर्च म्हणजे एक लांबट हॉल आणि वर पत्रे. खेड्यांतली कॅथलिक कुटुंबं वाळूजच्या कंपन्यांत कामाला लागून शहरात राहायला आली होती आणि हॉल पुरेनासा झाला होता. जुना पाडून तिथंच नवा बांधायचा होता.

मी तिथल्या फादरना विचारलं, “रविवारी माणसं किती येतात?”

“रजिस्टरात सत्तर कुटुंबं आहेत.”

“आणि एका कुटुंबात माणसं किती?”

“ते देवालाच ठाऊक,” फादर म्हणाले.

देवाला फोन लावायची सोय नसल्यामुळे रविवारी मी स्वतःच गेले. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, सुरू होती. आत एकही बाक नव्हता. सतरंज्यांवर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. डोकी मोजता येईनात, म्हणून मी दाराबाहेरच्या चपला मोजायला घेतल्या. पायरीवर साठीच्या पुढची एक बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिचं नाव मार्थाबाई.

“काय मोजतीस गं?”

“माणसं.”

“मंग मला बी धर. पायात चप्पल नाय, पन म्या हाये.”

“तुम्ही आत का नाही बसत?”

“जागा कुठंय? दोन वरसं झाली, हितंच बसते. समद्यांच्या चपला राखते अन् फादरचा आवाज ऐकते. तोंड काय दिसत नाय त्यांचं.” ती हसली. “मरायच्या आदी येकदा आत बसव, बाई. मंग लई झालं.”

मला लाज वाटली. चपला भरल्या चारशे बारा जोड, आणि माझ्या सुबक अक्षरात तीनशे. म्हणजे नवं चर्च झालं तरी मार्थाबाई पायरीवरच.

सोमवारी मी सरांना आकडा सांगितला.

“चारशे बारा? कुणी सांगितलं?”

“चपलांनी.”

“प्लॉटवर याहून मोठा हॉल बसत नाही. चारी बाजूंनी मोकळं मार्जिन सोडावं लागतं, माहीत आहे ना?”

“हॉल तेवढाच ठेवू. बाक काढून टाकू.”

“बाक नाहीत? मग ते चर्च की भजनी मंडळ?”

मी हिशेब मांडला. बाक टाकले की एका माणसाला दीड फूट रुंदी आणि पुढं-मागं तीन फूट लागतात. खाली बसलं, तर पुढं-मागं दोन फुटांत भागतं. तेवढ्याच जागेत तीनशेचे साडेचारशे होतात. सरांनी पेन्सिल कानामागे खोचली. त्यांना पटलं होतं, पण कबूल करणं जिवावर आलं होतं. शेवटी त्यांनी फादरनाच ऑफिसात बोलावलं.

“फादर, लोक काय म्हणतील? बाकाशिवाय चर्च!”

“साहेब, येशूनं डोंगरावर प्रवचन दिलं तेव्हा बाक कोण घेऊन गेलं होतं?”

बाक गेले. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांसाठी फक्त भिंतीलगत एक कट्टा काढला.

उद्घाटनाला सगळे आत मावले. मार्थाबाई कट्ट्यावर बसायला तयार नव्हती. ती पहिल्या रांगेत, वेदीच्या थेट समोर सतरंजीवर बसली आणि पूर्ण वेळ फादरच्या तोंडाकडे बघत राहिली. सरसुद्धा बूट काढून, पोट सावरत मागे मांडी घालून बसले होते.

बाहेर आलो तर दारात चपलांचा डोंगर. आणि सरांचे नवे कोरे बूट गायब.

“माझे बूट कुठायत?” सर ओरडले.

मागून मार्थाबाई अनवाणीच पायऱ्या उतरत होती. “साहेब, म्या भाईर व्हते तवर येक चप्पल गेली नाय. आता तुमीच मला आत बसवलं.”

सर मोज्यांवर गाडीपर्यंत गेले. दार उघडताना माझ्याकडे वळून म्हणाले, “चपला मोजल्यास. ठेवायच्या कुठं, ते काढलंस?”

नव्हतं काढलं. प्लॅन झाला चपलांवरून, आणि त्याच प्लॅनमध्ये चपलांना वीतभर जागा नव्हती. पुढच्याच आठवड्यात फाटकाशी कडप्प्याचे कप्पे करून घेतले. तेव्हापासून देव कुठलाही असो, मी पहिली रेघ चपलांच्या जागेची ओढते. देवाची जागा त्यानंतर.