मालगुंडचा दुसरा मुक्काम

आई पहिल्यांदा विचारताच हो म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मैत्रिणीच्या घरी राहायचं म्हटलं तरी आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालते. इथे तर मी आणि माझी मावसबहीण, दोघीच, गुहागरपासून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राच्या कडेने पायी जाणार होतो. ना टूर, ना गाइड. बाबा एवढंच म्हणाले, "फोन चालू ठेवा."

मावसबहीण कुरुंद्याला राहते, सासर-माहेर दोन्ही तिथेच. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. दर रविवारी मी हिंगोलीहून तिच्याकडे जायचे आणि आम्ही मावशीच्या माडीवर मोबाइलमधला नकाशा उघडून बसायचो. खाली अंगणात हळद वाळत असायची. समुद्राबद्दल विचारावं असं आमच्याकडे कोणी नाही, म्हणून पहिला बेत आम्ही आमच्याच पद्धतीने केला: रोज पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं. शेतावर जाणारी माणसं जातात तसं. वेळणेश्वरला ज्यांच्याकडे उतरायचं होतं, त्या काकू फोनवर हसत सुटल्या.

"अगो, पहाटे भरती असली तर चालशील कुठून? ओहोटी बघून निघायचं. आणि ती रोज पुढे सरकते हो."

मग मी भरती-ओहोटीच्या वेळा शिकले. कुठल्या दिवशी वाळूवरून जाता येईल, कुठे डांबरी सडक धरावी लागेल, तवसाळहून जयगडला बोटीने खाडी कधी ओलांडायची, सगळं जुळवलं. असा बेत आखायला मला फार आवडत होतं.

पाठीला सॅक लावून आम्ही गावाबाहेर सरावही करायचो. एकदा एका माणसाने मोटारसायकल थांबवली.

"काहून ताई, बस हुकली का?"

"न्हाई, चालून राहिलो," ताई म्हणाली.

"कुठं?"

"कुठंच न्हाई."

तो जरा विचारात पडला. "मंग बसा की, सोडतो."

आम्ही कितीतरी वेळ हसत होतो. त्याच दिवशी मी ताईला एक गोष्ट सांगितली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून लोक हसतात, म्हणून मी आणखीच गप्प होते. स्थळं येतात, मला पाटावर बसवतात, आणि मी खाली बघत राहते. पण कोणाच्या शेजारून चालताना मला बोलता येतं, कारण तोंडाकडे बघावं लागत नाही. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं.

ताई म्हणाली, "मग चालतच राहू."

पुढच्या रविवारी तिने मालगुंडला दोन मुक्काम करायचं काढलं. मालगुंडहून गणपतीपुळे अगदी जवळ, वाटेत खाडी नाही की खडक नाहीत. "तिथं कशाला थांबायचं?" मी विचारलं.

"पाय दुखतील गं तोपर्यंत."

मला ते पटलं नव्हतं. तरी मी बेत बदलला. ताई सांगत होती, म्हणून.

निघायच्या आदल्या रविवारी आईही कुरुंद्याला आली. तिच्या पिशवीत माझी मोरपंखी साडी होती. मी म्हणाले, "आई, आम्ही चालायला चाललोय. साडी कशाला?" आई साडीची घडी नीट करत बसली. मावशी सुपात हळकुंडं घोळत होती, तिला मात्र राहवलं नाही.

"आता लपवून काय करायचं? समुद्र बी पाहणं होईल, अन् पोरगं बी. मालगुंडला नोकरीला हाय, मूळ आपलंच, कळमनुरीकडचं. बसवायचं-बिसवायचं काही न्हाई. त्याच्यासंगं वाळूवर दोन पावलं चाल. चालताना तू चांगलं बोलतीस म्हणं."

मी ताईकडे पाहिलं. ती मावशीच्या सुपातलं एक हळकुंड उचलून उगाच मोडत होती.

माडीवर गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून. नाहीतर तुला सोडलं असतं का? मला तरी सोडलं असतं का? माझ्या सासरचे तयार झाले ते या स्थळामुळंच. मुलगा चांगलाय गं. नाही आवडला तर नाही म्हण."

तिचं खोटं नव्हतं. सोडलं नसतंच. पण स्थळाचं आई-मावशीनं ठरवलं होतं. चालताना मी बोलते, हे वाक्य मात्र तिनेच त्यांना नेऊन दिलं होतं. मी एवढंच विचारलं, "ते कशाला सांगितलंस?"

"कोणतं?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

मी माडीवरूनच मुक्कामाच्या एकेका घरी फोन करून येत नाही म्हणून कळवलं. वेळणेश्वरच्या काकूंना वाईट वाटलं. "बरं नाही का गो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

आमच्याकडे चार पाहुणे जमले की आई अजून सांगते, "आमी तर सोडून राहिलो होतो. हीच गेली न्हाई." सगळे माझ्याकडे बघतात. ताई तिथे असली तर तीही मान हलवते आणि म्हणते, "व्हय ना, सगळं ठरलं होतं." खोटं त्यात काहीच नसतं. मी चहाचे कप गोळा करून आत जाते.